सात नंबरचा ढीग

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. एप्रिलचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेआठ. तानाक्कांनी सात नंबरच्या ढिगातून पहार उपसली आणि माझ्यापुढे आडवी धरली.

"हात लावा, बाई."

मी पहार मुठीत धरली. "गार आहे."

"आता वास घ्या."

पहारीच्या टोकाला चिकटलेला भुगा मी नाकाजवळ नेला. "कसलाच वास नाही."

"त्येच म्हंते म्या. तयार खताला वास असतोय, पयल्या नांगरटीच्या मातीचा. ह्येला कसलाच न्हाई. कच्चा हाय ह्यो."

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या कंपोस्ट डेपोवर मी तेव्हा नमुना तपासनीस होते. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांची नातवंडं अजून तिथे आहेत. मी चोवीस वर्षांची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि तीन वर्षांच्या एका सरकारी योजनेत तात्पुरती लागलेली. भाजीबाजारातला पाला, देवळांतली फुलं, रसवंतीतली चिपाडं, गोठ्यातलं शेण असं सगळं ओढ्याकाठच्या त्या चार एकरांत येऊन पडायचं. त्याचे खांद्याइतके उंच ढीग लावायचे, आठवड्याला उलथायचे, पाणी मारायचं. तीन महिन्यांत ढीग गुडघ्यापर्यंत खाली बसायचा. मग तो चाळायचा आणि शेतकऱ्यांना द्यायचा.

माझं काम मोजायचं. माझ्याकडे एक लांब दांडीचं थर्मामीटर होतं, ओल काढायची लहानशी भट्टी होती आणि एक लोखंडी बादली होती. पहिल्या दिवशी त्या बादलीत तीन किलो कचरा मावायचा. तीन महिन्यांनी तीच बादली भरली की सात किलोला जायची. महिन्यातून एकदा वाळवलेल्या नमुन्यांच्या पुड्या जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पाठवायच्या. तिथे बंद पोलादी भांड्यात नमुना जाळून त्यात किती उष्णता उरली आहे ते बघत. कचऱ्यात उष्णता साठलेली असते. ढिगातले जंतू कचरा खातात तशी ती थोडी थोडी मोकळी होते आणि ढीग आतून तापतो, इतका की हात घालवत नाही. खाण्यासारखं सगळं संपलं की तो आपोआप निवतो. मागे राहतं ते पेटवलं तरी धड पेटत नाही. म्हणून तर ते मुळांशी घालता येतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं. तानाक्का वायदंडे हे पहार खुपसून ओळखत. ढिगाला त्या चूल म्हणत. "पाच नंबरची चूल लागली," "दोन नंबरची इझली." एकोणीस वर्षं त्या डेपोवर रोजंदारीवर होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात, पण हात साठीच्या बाईचे. त्या मे महिन्यात बारा रोजंदारांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत त्यांचं नाव तिसरं होतं. ऑफिसात चहा व्हायचा तेव्हा त्यांचा कप खिडकीच्या गजाशी वेगळा ठेवलेला असायचा. मी तो रोज पाहत होते.

"तानाक्का, तापमान चौतीस आहे," मी वही दाखवली. "ओलसुद्धा एकवीस टक्के. चाळणीतून कसा भुरभुरा पडेल बघा."

"चाळीस दिसांत खत व्हतंय व्हय?"

"ऊन किती आहे यंदा! लवकर झालं असेल."

"पानी मारा आन् चार दिस थांबा. पुन्ना तापला तर कच्चा."

"टँकर कुठून आणू? पिण्याच्या पाण्यावर लावलेत सगळे. थर्मामीटर काही खोटं बोलत नाही."

"त्ये कुठं बोलतंय, बाई? बोलताय तुमी." त्यांनी पहार खांद्यावर टाकली. "गार लागलं म्हंजे निवलं आसं न्हाई. तहानेलं बी गार लागतंय."

मला राग आला. खरं सांगायचं तर वाक्य समजलं म्हणूनच राग आला.

तेवढ्यात रेळेकर साहेबांची लॅम्ब्रेटा आली. ते आरोग्य निरीक्षक, डेपो त्यांच्याच हाताखाली. गाडीवरून न उतरताच म्हणाले, "सात नंबर झाला का गं? एक तारखेच्या आत दोन ट्रॉल्या गेल्याच पाहिजेत. त्या बाळगोंडा मगदूमांनी तिसऱ्यांदा माणूस पाठवलाय."

मी तानाक्कांकडे पाहिलं नाही. वहीत लिहिलं: ढीग सात, तापमान चौतीस, ओल एकवीस, तयार. खाली सही केली.

दोन दिवसांनी तानाक्कांनीच दोन बायका हाताशी घेऊन सातचा निम्मा ढीग चाळला आणि ट्रॉल्यांत भरला.

बाळगोंडा मगदूम आले ते नवव्या दिवशी. उंच, वाळकेसे, साठीचे गृहस्थ. पलीकडच्या गावात त्यांचा पानमळा होता. ऑफिसच्या दारात त्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि नागवेलीची पानं माझ्या टेबलावर ठेवली. पिवळी, कडेनं करपलेली.

"पानमळ्यात आमी पायात काय घालत न्हाई," ते सावकाश म्हणाले. "लक्ष्मी असती ती. खत टाकलं, पाणी सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी आत गेलो तर पायाला ऊब लागली. गाभण म्हशीच्या पोटाला हात लागावा तशी ऊब, आणि ती जमिनीला."

"किती वेली गेल्या?" रेळेकर साहेबांनी विचारलं.

"दोन वाफे. आमच्या आज्जानं लावल्याली वेल हाय, साहेब. दरसाल उतरवून पुन्हा जमिनीत दाबतो, पुन्हा वर चढवतो. आज्जापासनं तीच वेल." त्यांनी पानं परत उपरण्यात घेतली. "मला भरपाई नको. ह्ये खत तयार हाय म्हणून कुणी सांगितलं, तेवढं नाव सांगा. फुडं त्या हातचं घ्यायचं न्हाई मला."

मी समोरची वही मिटली.

"चौकशी करतो," साहेब म्हणाले. "उद्या मुख्याधिकारीच येतील."

मगदूम गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. "ट्रॉल्या भरल्याची वही आण. कुठल्या ढिगाचा माल, तो रकाना भरलास?"

"नाही. शनिवारी एकदम भरते."

"नऊ लिही."

नऊ नंबर पंचवीस दिवसांचा होता. त्याच्या अजून वाफा निघत होत्या.

"पण साहेब, माल सातचा..."

"सात तू तपासून पास केलायस. भरणारणीनं चुकून नऊला फावडं लावलं. झालं. योजनेवर डाग नाही, तुझ्यावर नाही."

"तानाक्कांचं नाव यादीत आहे."

"पुढच्या यादीत येईल. एकोणीस वर्षं थांबलीय, आणखी दोन थांबेल. तिची कधी तक्रार ऐकलीयस तू?" ते माझ्यासमोर बसले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट उतरवला. "हे बघ हेमा, या जागेवर मुलगी घेऊ नका म्हणून सगळे सांगत होते. मी घेतली. आता पहिल्याच वर्षी तपासनीस बाईनं कच्चा ढीग पास केला असं झालं, तर इथे परत कुणी मुलगी घेईल? तूच सांग."

मी टाक उचलला आणि रकान्यात नऊ लिहिलं. अक्षर माझंच, नेहमीसारखं स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी आले. कडुलिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मगदूम एका खुर्चीवर, रेळेकर साहेब उभे, मी वह्या घेऊन मागे. तानाक्कांना बोलावलं. डोक्यावर पदर, पायांना कालची माती.

"वहीत नऊ आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "काय म्हणणं आहे तुझं?"

"म्या सातातनंच भरलं."

"मग वहीत नऊ कसं?"

"वही म्या लिवत न्हाई, सायेब."

त्या माझ्याकडे बघतील म्हणून मी खाली पाहत होते. त्यांनी पाहिलं नाही.

"बघा साहेब," रेळेकर म्हणाले. "एकोणीस वर्षांत कधी तोंड वर करून बोलली नाही. आज नाव कापलं जाणार म्हटल्यावर..."

"एकोणीस वर्सं कुनी इचारलं व्हतं?" तानाक्कांचा आवाज एकदम मोठा झाला. ढिगांवर काम करणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. "इचारलं आसतं तर बोलले आसते. न्हाई इचारलं म्हनून गप बसले. गप बसले म्हंजे माजं सरलं व्हय?"

तानाक्का ढिगांकडे वळल्या.

"सातचा निम्मा ढीग तितं हाय," त्यांनी बोट केलं. "पानी घालते म्या. चार दिसांनी या. तापला, तर त्यो कच्चा व्हता. गारच ऱ्हायला, तर म्याच नऊचं भरलं. मग खुशाल नाव काटा."

"टँकर मिळणार नाही," मुख्याधिकारी म्हणाले.

"मागितला कुनी?"

मगदूम पहिल्यांदाच बोलले. "चार दिस थांबू, साहेब. वेली काय आता परत येनार न्हाईत."

ओढा आटला होता, पण वरच्या अंगाला एक डोह होता. डेपोपासून हाकेच्या अंतरावर. दुपारी तानाक्का घागर घेऊन निघाल्या. मी माझी वजनाची बादली उचलली आणि मागोमाग गेले.

डोहाशी त्यांनी वळून पाहिलं. "तुमी कशाला?"

"पाणी घालायला."

"हाताला फोड येतील."

"येऊ देत."

दोन खेपा झाल्या. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली वाळू. पाणी ओतलं की कोरडा ढीग ते वरच्या वर सोडून द्यायचा, बाजूनं वाहून जायचं. तानाक्कांनी फावड्यानं खळगे केले, थोडं थोडं मुरवलं, मग उलथलं. पाणी पाजण्याची ती रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. तिसऱ्या खेपेला घागर बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, "वहीत नऊ कुनी लिवलं?"

"मी."

घागर भरली. त्यांनी ती काठावर ठेवली आणि पाण्याकडे पाहत बसल्या. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही.

"चला," शेवटी त्या उठल्या. "अजून लई खेपा हायत."

दोन दिवस आम्ही पाणी वाहिलं. आज कबूल करते, प्रत्येक बादली ओतताना मी मनात म्हणत होते, तापू नकोस. ढीग गार राहिला तर मी बरोबर ठरणार होते. म्हणजे मी लिहिलेलं नऊ खोटंच राहणार होतं, पण ते कुणाला कळणार नव्हतं. आणि तरी मी पाणी ओतत होते. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगाच्या माथ्यावर तलम वाफ दिसली. मला वाटलं, धूळ असेल. जवळ गेले तर नवसागरासारखा उग्र वास नाकात शिरला. पाण्यावाचून चाळीस दिवसांतच थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू झालं होतं. तानाक्का फावड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "लागली चूल," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मंडळी जमली. तानाक्कांनी पहार खुपसली, आम्ही थांबलो, त्यांनी उपसली. मुख्याधिकाऱ्यांनी हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. मी थर्मामीटर घातलं. चौसष्ट.

मगदूमांनी चपला काढल्या. ढिगाच्या कडेला अनवाणी पाय ठेवला, डोळे मिटले. "हीच," ते म्हणाले. "हीच ऊब."

"पण साहेब," रेळेकर पुढे आले, "नऊ नंबरसुद्धा असाच तापलेला आहे. सात कच्चा निघाला, मान्य. तेवढ्यानं माल सातचाच गेला हे कसं ठरतं? वही तर..."

त्यांचं बरोबर होतं. पाण्यानं एवढंच दाखवलं होतं, की सात निवला नव्हता. ट्रॉलीत काय गेलं ते ढीग सांगू शकत नव्हता. तानाक्का पहार धरून उभ्या होत्या. आताही त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि आता मला कळलं, की त्या मुद्दामच बघत नाहीत.

"वहीत नऊ मी लिहिलं," मी म्हणाले. "माल सातचाच गेला. सात मीच पास केला होता. तानाक्कांनी पाणी मारून थांबा असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

रेळेकर साहेबांच्या कपाळावर घाम होता. ते माझ्याकडे बघत होते.

"अक्षर माझं आहे, साहेब," मी म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांनी वही मिटली. मगदूमांनी पायात चपला सरकवल्या, माझ्याजवळ आले. मला वाटलं, काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "नाव सांगितलंस पोरी, बरं केलंस." आणि निघून गेले.

सगळे पांगल्यावर तानाक्का मला म्हणाल्या, "आता ह्याचं पानी तोडू नका. पुरता निवू द्या."

आम्हा चौघांचं पुढे काय झालं ते सांगते.

महिनाअखेरीला माझी सेवा समाप्त झाली. जून संपता संपता कॉलेजचा अहवाल डेपोवर आला आणि तिथल्या कारकुनानं तो माझ्या घरी पाठवून दिला. सात नंबरच्या नमुन्यात जवळजवळ ताज्या कचऱ्याइतकीच उष्णता शिल्लक होती. पुरत्या निवलेल्या चार नंबरमध्ये निम्म्याहून कमी. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पुढे मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलांच्या वहीतला खाडाखोड केलेला चुकीचा आकडा मला चालायचा. खाडाखोड नसलेला चुकीचा आकडा दिसला की माझा हात थांबायचा.

बाळगोंडा मगदूमांनी मेलेल्या वाफ्यांत शेजारच्या वाफ्यातल्या वेलीचं बेणं लावलं. तीन वर्षांत मळा भरला. पुढच्या सालापासून ते खत न्यायला स्वतः येत, आणि तानाक्कांनी मान हलवल्याशिवाय ट्रॉली भरू देत नसत. माझ्या लग्नाच्या विड्यांना त्यांच्याच मळ्यातली पानं होती, माणूस पाठवून दिलेली. ऐंशीच्या घरात असताना ते वारले.

रेळेकर साहेब त्याच नगरपालिकेतून निवृत्त झाले. पुष्कळ वर्षांनी एकदा आमच्या शाळेत नातवाच्या प्रवेशासाठी आले होते. काम झाल्यावर दारात घुटमळले. "त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?" त्यांनी विचारलं. ते का, हे मला अजूनही कळलेलं नाही. मग तेच म्हणाले, "घेतलं असतंस तर सुटलो असतो." मग गेले. दोन वर्षांनी त्यांच्या निधनाची बातमी वाचली.

तानाक्कांचं नाव त्या वर्षी कापलं गेलं नाही, पण यादीच रद्द झाली. एकोणीसशे ऐंशीत त्या कायम झाल्या. त्या दिवशी मी गावात गेले होते. ऑफिसात पेढे वाटले, चहा झाला. खिडकीच्या गजाशी ठेवलेला कप मी आत आणला आणि माझ्या कपाशेजारी ठेवला. तानाक्का म्हणाल्या, "दोन सालं उशीर केला, बाई." आणि चहा प्यायल्या.

दोन हजार चार साली, डिसेंबरात, त्यांच्या सुनेनं निरोप धाडला. डेपोमागच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दुपारची वेळ होती. खाटेवर त्या इतक्याशा झाल्या होत्या.

"दोन दिस झालं बोलत न्हाईत," सून म्हणाली. "हातपाय गार पडल्यात."

मी खाटेशेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला. गार होता. मी सुनेला म्हटलं, "वाटीत पाणी आण, आणि चमचा."

पहिला चमचा ओठांच्या कडेनं वाहून गेला. मी बोटानं ओठ ओले केले, थांबले, मग अर्धा चमचा. तो आत गेला. आणखी अर्धा. त्यांनीच शिकवली होती मला पाणी पाजायची ती रीत, थोडं थोडं, मुरू देत. वाटी संपली तेव्हा ऊन उंबऱ्याच्या बाहेर गेलं होतं.

मी हात धरून बसले. वाट पाहिली. वस्तीतल्या बायका येऊन बसल्या, उठून गेल्या. हात गारच राहिला. मी तो नाकाजवळ नेला. तळहाताला मातीचा वास येत होता, पहिल्या नांगरटीच्या मातीचा.

तानाक्का निवल्या होत्या.